ओळ सत्तेचाळीस

शाळेच्या जिममध्ये सभा. बास्केटबॉलच्या रेषांवर घडीच्या खुर्च्या,
मधोमध बादली, कारण छत गळतं.
छत म्हणजे ओळ बारा. बस, एकोणीस.
ओहायोतल्या या गावाने नोव्हेंबरात
शाळेसाठीची करवाढ पाडली, एकसष्ट मतांनी,
त्यातलं एक माझ्या सख्ख्या भावाचं.
मी खजिनदार. दिवसा ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो.
मला बेरीज येते, म्हणून निवडलं.
यंदा सगळी वजाबाकीच आहे.

ओळ सत्तेचाळीस: अकरा हजार चारशे डॉलर.
तीन शाळांत मिळून एक मिसेस ऑस्ट्रँडर,
आमच्याकडे दर मंगळवारी,
बॉयलरशेजारच्या खोलीत सहा मुलं.
शून्याने का भागायचं नाही
यावरून तिथे म्हणे भांडणं होतात.

सभेआधी डार्सी हॉकनबेरी दाराशी उभी होती.
नऊ वर्षांची. तिची आई सभेनंतर खुर्च्या आवरते.
काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, वर्गात काय करतेस?
"गणितं दहा मिनिटांत होतात. मग मी पेन्सिलींना टोक काढते.
सगळ्यांच्या. ऑफिसच्यासुद्धा."
तक्रार नव्हती. मी गिऱ्हाइकाला किंमत सांगतो, तशी सांगत होती.
"लाल पेन्सिली जास्त मोडतात. त्यांचं शिसं मधोमध नसतं.
दोनशे बारा बघितल्या, वहीत लिहून ठेवलंय.
कारखान्यात असं का होतं, ते मंगळवारी विचारणार आहे."

"हुशार पोरांचं काय," तिसऱ्या रांगेतून आवाज आला,
"ती कुठेही तरतात."
टाळ्या. मीही वाजवल्या असाव्यात.
पलीकडे ओळ एकतीस होती: अजून वाचता न येणारी चाळीस मुलं.
त्यांच्या ताटातलं उचलून यांना वाढू?
नाही वाढणार. आणि तसं
कोणी मागितलंही नव्हतं.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, माझे वडील म्हणायचे.
पोरांचे पाय मात्र रात्रीत वाढतात,
अंथरुणाला न विचारता.

पाच विरुद्ध दोन.
टेबलावरच्या कपातून हाताला आली ती पेन्सिल घेतली.
लाल. टोक असं, की कागदाला लावायला जीव होईना.
रेघ सरळ गेली, एकदाही अडली नाही.
बादलीत थेंब पडत होते,
आणि मागच्या भिंतीशी एक मुलगी
घड्याळाकडे बघत बोटांवर काहीतरी मोजत होती.

घरी आलो तर पेन्सिल खिशातच.
स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली आडवी धरली,
चष्मा लावला,
मग चष्मा काढून पुन्हा पाहिलं.
शिसं किंचित डावीकडे होतं.