पहिल्या धारेची

मिडलटन-इन-टीसडेलमध्ये एक चॅपल आहे.
देव कधीच गेला, आता तिथं
दोनशे लिटरची तांब्याची भट्टी.
हेस्टर रेननं तिला नाव ठेवलंय विनिफ्रेड,
आणि दिवसभर नावंही ठेवते:
गळकी, हट्टी, उशिरा तापणारी.

भिंतीवर अजून १८८१ची पाटी,
दारूला न शिवण्याच्या शपथेची. खाली सह्या.
सतराव्या ओळीत जोसेफ रेन, शिशाच्या खाणीतला,
हेस्टरच्या पणजोबांचा बाप.
पाटी ती काढत नाही,
शनिवारी फडकं मारते.

मी मंगळवारी आणि शुक्रवारी येतो,
लेक डार्लिंग्टनला ड्यूटीवर गेली की बसनं.
एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत
मळीच्या वासात काढली.
टँकर भरायचे, फाटकातून जायचे,
कोण पितं ते विचारलं नाही,
स्वतः थेंब घेतला नाही.
हे ऐकून हेस्टर पिंपावर बसलीच.
मग तुम्हाला कळतं कसं?
म्हटलं, नाकानं. आचाऱ्याचा उपास असला
म्हणून भाजी अळणी होते का?

सकाळी सात. जुनिपरची निळी फळं,
मिऱ्यापेक्षा जरा थोर,
चिमटीत फुटली की बोटं दिवसभर डोंगर.
दुसऱ्या डब्यात धने.
जिनमध्ये धने पडतात हे वाचून ठाऊक होतं,
पण मूठ नाकाशी नेली आणि
गद्रे मास्तरांना परगावच्या वरातीत
नाचताना बघितल्यासारखं झालं.
मी डबा हळूच बंद केला.

पावणेदहाला पहिला थेंब. मग धार, सुतळीएवढी.
मी सांगितलं, आमच्याकडे पहिल्या धारेची म्हणजे अस्सल.
शिवी, चहा, माणूस,
कशालाही लावतात.
हेस्टरनं पायानं बादली सरकवली.
पहिली धार? तिनं आम्ही काचा पुसतो.

मला माहीत होतं.
एकतीस वर्षं माहीत होतं.
शब्दाला कधी सांगितलं नव्हतं, इतकंच.

पेला हातात, डोळे मिटलेले.
नेलपॉलिश.
नेलपॉलिश.
उतू गेलेलं पिकलं पेअर.
मग क्षणभर काहीच नाही,
थोरला माणूस बोलण्याआधी
घसा खाकरतो तेवढं.
मग संत्र्याची साल.
आत्ता, मी म्हणालो. मराठीत.
तिनं नळ फिरवला.

दुपारी ओल्या कुत्र्याचा वास आला
तेव्हा मी पुन्हा म्हणालो, तिनं पुन्हा फिरवला.
मधलं जे होतं ते बाटल्यांत गेलं.

मागं, भजनाची पुस्तकं असायची त्या खोलीत,
एकच पिंप आहे बार्लीचं.
तीन वर्षं होईपर्यंत
कायद्यानं त्याला व्हिस्की म्हणता येत नाही.
बारशाआधीचं बाळ, आम्ही नुसतं 'ते' म्हणतो.
खडूनं तारीख लिहिलीय.
मी अडुसष्टचा. बेरीज मनातल्या मनात केली,
हातचा एक मुद्दाम विसरलो.

वर्षाला दोन टक्के लाकडातून उडून जातं.
इथं त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात.
हेस्टर म्हणते, आमच्या देवदूतांनी शपथ घेतलीय,
सही आहे. मग जातं कुठं?
दोघांनी वर बघितलं.
छताला कोळिष्टकं होती,
एक कोळी जरा तिरपा चालत होता.

चारची बस. अजून वेळ होता,
म्हणून बादलीत फडकं बुडवून
मी उत्तरेची खिडकी पुसायला घेतली.
शंभर वर्षांची काजळी निघाली सरसर.
समोर डोंगर. त्यावर जुनिपर,
अर्धं तांबूस, मुळातून कुजत आलेलं;
रोग मातीत आहे, बुटांना लागून चढतो,
म्हणून दारात औषधाचं घमेलं.
कुंपणाच्या आत पांढरी नळकांडी, चाळीस,
प्रत्येकात हेस्टरचं एक रोप.
फळ धरायला दहा वर्षं, ती म्हणाली होती,
धरलं तर.

काच स्वच्छ झाली होती.
जरा जास्तच.
मी फडकं पिळून वाळत टाकलं.