तारांकित

खराडीत, सातव्या मजल्यावर,
दुपारी दीड ते रात्री साडेदहा
मी युरोपचा विषारी कचरा तपासते.
कचरा नव्हे, त्याचे कागद.
कुठून निघाला, कुणी भरला, कुणी वाहिला,
कुठल्या भट्टीत गेला,
आणि तिथेही वजन तेवढंच भरलं का.

तिकडे प्रत्येक कचऱ्याला सहा आकडे असतात.
विषारी असेल तर आकड्यांमागे एक चांदणी.
पारा असलेल्या ट्यूबलाइटला चांदणी.
ॲस्बेस्टॉसच्या जुन्या पत्र्याला चांदणी.
रंगाच्या रिकाम्या डब्यालासुद्धा,
तळाशी थोडं जरी उरलं असेल तरी.

इतके देश, तितक्या तऱ्हा.
एकाचं वजन टनात, एकाचं किलोत,
एक कारखाना अजून कार्बन ठेवून हातानं लिहितो
आणि त्याचा सात मला नेहमी एक वाटतो.
हे सगळं आता एकाच वहीत बसवायचं चाललंय.
आम्ही बसवतो. चहा पीत.

मंगळवारी एका ट्रकचे कागद आले.
निघताना चाळीस ड्रम, पोचताना एकोणचाळीस.
शेजारचा तन्वीर म्हणाला, सोड गं,
मोजताना डुलकी लागली असेल कुणाला.
मी नाही सोडलं.
तीन दिवस पत्रं गेली, पत्रं आली.
काट्यावरचा माणूस, गेटवरचा माणूस,
ड्रायव्हर, ड्रायव्हरची बायको.
चौथ्या दिवशी ड्रम सापडला
ड्रायव्हरच्या मेव्हण्याच्या परसात,
पन्हाळीखाली, पाणी साठवायला लावलेला.
धुऊन घेतला होता म्हणे. दोनदा.

त्या रात्री धायरीत उतरले तेव्हा पावणेबारा.
टँकर येऊन गेला होता.
गच्चीवर आमचा निळा ड्रम काठोकाठ.
गेल्या वर्षी जुन्या बाजारातून आणलेला,
सहाशे सांगितले, साडेचारशेला दिला.
लेबल खरवडलेलं. एका कोपऱ्यात
लाल चौकटीची एक कड तेवढी राहिलेली.
मी तेव्हा विचारलं होतं, धुतलाय ना?
धुतलाय की ताई. दोनदा.

मोबाइलच्या उजेडात ती कड मी कितीतरी वेळ पाहिली.
आकडे नव्हते.

सकाळी खाली केराबाई ओव्हाळ
सोसायटीचा कचरा निवडत बसलेल्या.
त्यांच्याआधी आईची दोन मुलं गेली,
म्हणून तिसरीला केरात ठेवून उचललं, नाव केरा ठेवलं.
केर म्हटलं की यम हात लावत नाही.
लावला नाही खरा, त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत,
आणि ट्यूबलाइटची दोन्ही टोकं ठोकून
ॲल्युमिनियमच्या टोप्या काढत होत्या.
पांढरी भुकटी पदरावर.
मी म्हटलं, मावशी, त्यात विष असतं.
माहितीय, त्या म्हणाल्या, डोकं दुखतं त्यानं.
मग कुणाला द्यायची, ते सांग.

सत्तावीस देशांतली प्रत्येक भट्टी मला पत्त्यासकट पाठ आहे.
मी गप्प उभी राहिले, डबा घेऊन.

ड्रम मी पालथा घातला.
पाणी ओतलं तेही कुठे, तर गटारात,
म्हणजे पुढे नदीतच.
ड्रम भंगारात दिला तर पुन्हा कुणाच्या तरी गच्चीवर जाणार.
म्हणून तो आहे तिथेच, बूड वर करून,
बुडावर काळ्या मार्करनं काढलेली चांदणी.
केराबाई गच्चीवरचा कचरा न्यायला आल्या.
हे काय काढलंय?
चांदणी.
दिवसाढवळ्या?
हसल्या, आणि त्यावर बसून पाणी प्यायल्या.

कागदावर तो चाळिसावा ड्रम आता मिळालेला आहे.
प्रकरण बंद, हिरवी खूण.

काल तिसऱ्या मजल्यावरचे पायगुडे विचारत होते,
तो ड्रम रिकामाच असतो,
द्यायचाय का.