आठाचा आकडा

आमचं सेत्तिमो हे धोबिणींचं गाव.
तोरिनोच्या वकिलांचे सदरे, डॉक्टरांच्या चादरी
आईने कालव्याच्या पाण्यात तीस वर्षं पिळल्या,
शेवटच्या पाण्यात चिमूटभर नीळ घालून.
खिशापाशी डाग दिसला की म्हणायची,
"आला बघ कुणी शहाणा, लिहिण्याआधीच गळणारा."

पुढे ते गळणारं पेन आमच्याच गावात बनू लागलं.

सेकोंदो रावेत्तोने घोड्यांच्या तबेल्यात
दोन लेथ बसवले, तेव्हा मी चौदाची.
भिंतीत लगामांच्या खुंट्या तशाच होत्या,
त्यांवर सेल्युलॉइडच्या कांड्या वर्षभर वाळायच्या
सॉसेज टांगावेत तशा:
हिरव्या, मधाच्या रंगाच्या, एखादी धुरकट मोतिया.
घाई केली की पेन पुढच्या उन्हाळ्यात वाकतं.
"कांडी आणि जावई," सेकोंदो म्हणायचा,
"दोन्ही आधी मुरू द्यावेत."
साऱ्या गल्लीला कापराचा वास.
कुत्री शिंकायची.

मला लेथवर घेतलं नाही.
निबांच्या टेबलावर बसवलं:
निब शाईत बुडवायची, वहीत आठ काढायचा.
उतरताना जाड, चढताना केसाएवढा,
मधल्या फुलीपाशी अडखळली
तर परत घासायला.
दिवसाला चारशे निबा.
मला लिहिता येतं का, कुणी विचारलं नाही.
लिहिण्याच्या कारखान्यात
आम्ही निम्म्या बायका अंगठेबहाद्दर.

"लुचेर्तोला", म्हणजे पाल, असं त्या हिरव्या पेनाचं नाव.
ती पाल त्रिएस्तेला गेली, म्हणे ब्युनोस आयरिसलाही गेली.
मी तोरिनोच्या पुढे गेले नाही.

मग सोनं बंद झालं. वरून हुकूम: देशाला हवंय.
त्याच हिवाळ्यात आईने लग्नाची अंगठी दिली,
बदल्यात लोखंडाची मिळाली.
निबाही पोलादाच्या आल्या, कागद ओरबाडायच्या.
त्या वर्षीचे माझे आठ कुबडे आहेत. वही आहे अजून.

लढाईत लेथ तेच, माणसंही तीच, म्हातारी तेवढी.
कांड्यांऐवजी पितळ आलं,
तोफगोळ्यांची टोकं कातायला.
त्यांची चाचणी माझ्याकडे आली नाही.
ती कुठे होते, आम्ही बोलत नव्हतो.

एक पेटी मात्र फडताळात राहिली.
रशियाला निघालेल्या पलटणीची साठ पेनं,
आगाऊ पैसे भरलेली,
टोपणांवर आद्याक्षरं कोरलेली.
न्यायला कुणी आलं नाही.
सेकोंदो गेला, त्याचा ओरेस्ते गादीवर बसला,
पेटीला हात लावायला तोही धजेना.
दुपारच्या सुटीत मी ती उघडायची.
कोरणारा बुढा तेरेसियो एकेका टोपणावर बोट ठेवायचा:
हा जी. हा बी. हा एम, आमच्या शेजारच्या मारियोचा.
अशी मी अक्षरं शिकले, पस्तिशी उलटल्यावर.
सगळी आली नाहीत.
क्यू कुणाच्याच नावात नव्हता.

बॉलपेन पहिल्यांदा ओरेस्तेनेच आणलं, मिलानहून.
टेबलावर ठेवलं, जसा कुणी
डॉक्टरचा कागद ठेवावा.
दहा वर्षं तरी आम्ही त्याला नावं ठेवली.
एकेक खुंटी रिकामी होत गेली.
शेवटी वास उरला.

हिशेब घ्यायला गेले त्या दिवशी
कारकुनाने सहीसाठी तेच पुढे सरकवलं.
हात सवयीचा, आधी आठ निघाला.
उतरताना जेवढा, चढतानाही तेवढाच,
फुलीपाशी जराही अडला नाही.
"परत घासायला," मी म्हणाले.

कारकून हसला. ओरेस्ते हसला नाही.
त्याने खिशातून स्वतःचं काढलं, जुनं हिरवं,
टोपण फिरवून माझ्या हाती दिलं.
खिशापाशी निळा डाग होता,
रुपयाएवढा नव्हे, लिराएवढा. आईने दोन पाण्यांत काढला असता.

मी सावकाश नाव लिहिलं: क्लेलिया ओदासो.
सी आणि ओ, दोन्ही त्या पेटीतलेच.