चारशे बारा पत्ते

गुऱ्हाळ थंडावलं की मी लिहायला बसते.
शियेच्या फाट्यावरची खोली, लॅपटॉप, शेजारी वजनकाटा,
कीबोर्डच्या फटींत गुळाची भुकटी.
'न' दाबला की चिकटतो,
म्हणून 'नाही' लिहायला मला जरा जास्त वेळ लागतो.

रणधीर पुण्यात कोर्स करून आलाय.
म्हणतो, वैनी, विषयाच्या ओळीत आगीचं चित्र टाक,
'शेवटचे तीन तास' लिही, 'खास तुमच्यासाठी राखून ठेवलाय' लिही.
मी विचारते, राखून कुणासाठी रे?
गोदामात दीडशे ढेपा पडल्यात.
तो म्हणतो, आसतंय तसं, सगळी तसंच लिवत्यात.

लिहू देत.
मी लिहिते : या आठवड्याचा गूळ काळपट आहे.
पिवळाधमक हवा तर पावडर टाकावी लागते.
आम्ही भेंडीचा रस टाकतो,
भेंडी रंग देत नाही, फक्त मळी वर आणते.
नखानं ओरखडून बघा, कणी लागली पाहिजे.
खारट लागला तर समजा जमीन खारपड आहे;
आमच्याही दोन वाफ्यांची आहे, तो गूळ आम्ही घरीच खातो.
आणि चहा आधी खाली उतरवा, मग गूळ घाला.
उकळत्यात घातलात तर दूध फाटेल
आणि बोल आम्हाला लागेल.

हे शेवटचं सासऱ्यांना आवडलं.
ते मेल वाचत नाहीत, ऐकतात,
काहिलीतला पाक ऐकावा तशी, डोळे मिटून.
बुडबुड्याचा आवाज बदलला की त्यांना कळतं.
एकदा मी 'अत्युत्तम' लिहिलं होतं.
त्यांनी डोळे उघडले.
म्हणाले, हे कुणाचं?

माघात एका रात्री गणपा गुळव्याचा डोळा लागला.
पोराला ताप, तीन रात्रींचं जागरण.
चुलवाणात चिपाड जास्त गेलं, पाक तळाला धरला.
छत्तीस ढेपांना धुराचा वास,
आणि आम्हाला कळेपर्यंत त्यातल्या एकवीस
कुरिअरनं गेल्याही होत्या,
नाशिकला, हुबळीला, नागपूरला.

रणधीर म्हणाला, गप बस की, कुणाला कळतंय?
न्हाईतर लिव, खास धुरावरचा गूळ. डबल भावानं जाईल.
मी रात्री दोनपर्यंत बसले.
पंचगंगेकडून गार वारं, खिडकीची फळी आपटत होती.
चारशे बारा पत्ते.
यातलं एकही दार मी पाहिलेलं नाही,
आणि कुठल्याशा ओट्यावर कुणीतरी
मी सांगितलं म्हणून गॅस बंद करतं,
मग डबा उघडतं.

लिहिलं : ढेपेला निळी सुतळी असेल तर तो गूळ लागलेला आहे.
खाल्ल्यानं काही होणार नाही,
पण आम्ही सांगितला होता तसा तो नाही.
पैसे परत घ्या, नाहीतर दुसरी ढेप.
गणपाचं नाव घातलं नाही.
'न' तेवढा पुन्हा पुन्हा चिकटला.

सकाळपर्यंत एकोणतीस जणांनी यादीतून नाव काढलं.
अकरा जणांनी पैसे मागितले, दिले.
रणधीरनं बोटांवर मोजून दाखवलं,
मग मुकाट्यानं वजनकाटा पुसायला घेतला,
जो पुसायची गरज नव्हती.

चौथ्या दिवशी नागपूरहून मेल.
इंदुमती खानझोडे.
पाच वर्षांत नुसती ऑर्डर, तीही दिवाळीला,
एका अक्षराचं उत्तर कधी नव्हतं.
विषयाची जागा रिकामी.
धुराबद्दल काही नाही, पैशाबद्दल काही नाही,
आत एकच ओळ :
खाली उतरवून घातला. दूध फाटलं नाही.

सासऱ्यांना वाचून दाखवली.
त्यांनी डोळे मिटले
आणि बराच वेळ उघडले नाहीत.