दोन लिटर

चोरलच्या उतारावर तिसरी बाटली पडली.
गडगडत गेली पळसांमधून,
झाकण एकीकडे, पाणी दुसरीकडे,
आणि मी ब्रेक दाबून उभी,
जीभ टाळूला चिकटलेली.
सायकल मुलाची. तो बंगळूरला गेला तशी
ही गॅलरीत ओले टॉवेल वागवत होती.
तिच्यावरचे टॉवेल काढले, त्याला आता वर्ष होईल.

काचेच्या, एसीच्या दुकानात
पाठीवर लावायची पाण्याची पिशवी
साडेसहा हजारांना होती.
पोरगा म्हणाला, मॅडम, हिच्या मागून हवा खेळते.
म्हटलं, साडेसहा हजारांत
मी पाठीला पंखा बसवीन.
हसला नाही तो.

मग सियागंज.
ताडपत्र्या, दोर, गमबूट, उंदरांचे पिंजरे,
आणि सगळ्यात वरच्या फळीवर
धूळ पांघरून बसलेल्या चार पिशव्या.
मुर्तझाभाईंनी काठीने खाली ओढल्या.
"आराम से देखो, बेन. दाम बाद में."

आराम से पाहिलं.
आधी नळी.
एकोणीस वर्षं एम. वाय. मध्ये रात्रपाळ्या काढल्यात,
नळी मला कळते.
दुमडली, सोडली.
घडीची पांढरी रेघ राहिली, म्हणजे मे महिन्यात तडकणार.
एक तिथेच बाद.
दुसरीचं तोंड एवढंसं,
आत दोन बोटं जाईनात, मग धुवायची कशी?
तिसरीला नाक लावलं,
नव्या चपलेचा वास.
चौथी उरली. भडक नारिंगी.
हा रंग मी लग्नातसुद्धा नेसले नव्हते.
छातीवरचा पट्टा कुणा पैलवानाच्या मापाचा,
तर मुर्तझाभाईंनी दाभण काढलं,
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत विचारलं, किती आत घेऊ,
आणि उभ्या उभ्या टाके घातले.
साडेआठशे ते, सातशे मी.
सातशे साठला जमलं.

रात्री ती भरून
ओट्यावरच्या खिळ्याला टांगली,
खाली कालचा पेपर.
नवरा दोन वाजता पाण्याला उठला,
अंधारात लोंबती नळी बघून दचकला.
"कुणाला लावलीय?"
"मला," म्हटलं पलंगावरून.
सकाळी पेपर कोरडा.
राशिभविष्याच्या रकान्यात एकच थेंब,
तोही माझ्याच हाताचा असेल.

रविवारी जानापावचा चढ.
पाठीवर दोन किलो पाणी,
ते मधूनच हलतं,
झोपलेलं पोर कूस बदलतं तसं.
तिसऱ्या वळणावर धाप लागली.
हँडल न सोडता
नळी दाताखाली धरली.
आधी हवा आली.
मग कोमट पाणी, जरा प्लॅस्टिक,
जरा खाण्याचा सोडा, काल धुतला त्याचा.

किती उशांपाशी उभी राहिले मी
घड्याळावर डोळा ठेवून,
मिनिटाला वीस थेंब, मिनिटाला तीस,
अंगठ्याखाली ती छोटी चाकी.
कुणी म्हणायचं, सिस्टर, जरा जोरात सोडा ना.
नाही सोडायची.

इथे चाकी नव्हती.
ओढलं की येत होतं.
मी ओढत राहिले,
पोटात पाणी डुचमळेपर्यंत, वेड्यासारखं,
पुढच्या वळणावर उतरून सायकल ढकलावी लागली.

वर पोचले तेव्हा पिशवी पोटात गेलेली.
शेवटचा घोट असा गुरगुरला
की देवळापाशी बसलेली सायकलवाली पोरं वळली.
एकाची पिशवी साडेसहा हजारांची, मी ओळखली.
"आंटी, कौन सी कंपनी?"
पट्टा उलटून पाहिला.
नाव नाहीच कुठे.
नारिंगीवर पांढऱ्या दोऱ्याचे अकरा टाके,
शेवटचा जरा तिरका.
"सियागंज," म्हटलं,
आणि त्याच्याकडे थोडं पाणी मागितलं.