दोन मिनिटांचे तीस रुपये

या, इकडे या, तिवईला तेवढा धक्का लावू नका.
एक डोळा मिटा. तो नाही, दुसरा.
दोन मिनिटांचे तीस रुपये. लहान मुलांचेही तीसच,
डोंगर काही त्यांच्यासाठी लहान होत नाही.

टॅक्सीवाल्या दीवाननं यादी दिली असेल तुम्हाला,
सात पॉइंट, एक दिवस, जेवण वगळून.
सनराइजच्या वेळी तुम्ही झोपला होतात.
साहेबांच्या चर्चला कुलूप, किल्ली ज्याच्याकडे
तो दाढ काढायला हल्द्वानीला गेलाय.
धबधबा मे महिन्यात पाइपानं सोडतात,
अकरा ते चार.
गोलू देवतेचं देऊळ मात्र पाहाच.
लोक स्टॅम्पपेपरवर अर्ज लिहून टांगतात तिथं:
बांधाचा तंटा, निघून गेलेली सून, दहावीचं गणित.
काम झालं की घंटा बांधायची.
माझाही एक अर्ज आहे, पावसात शाई उतरलीय,
देवाला पाठ असेल तर असेल.

मी सहा नंबरचा पॉइंट. हयात सिंग, दुर्बीणवाला.
आभाळ साफ असलं तर डावीकडे त्रिशूल,
मग नंदादेवी, पार टोकाला पंचचूली.
इतक्या वेळा घेतलीत ही नावं
की शेजाऱ्यांना हाक मारल्यासारखं वाटतं,
आणि शेजाऱ्यांसारखीच ती दार उघडतात,
मर्जी असेल तेव्हा.

आज बंद आहे दार. बसा, चहा सांगतो.

खरं सांगू? पहाटे पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी
मी नळी खाली वळवतो.
समोरच्या डोंगराच्या पोटाशी अकरा घरं आहेत.
दहा घरांच्या दगडी छपरांतून सिसूण उगवलंय,
हात लावला की आग होते, असलं झुडूप.
अकराव्यात इजा.
इजा म्हणजे आई, आमच्याकडे.
मोबाइल दिला होता, तो तिनं नाचणीच्या कणगीत ठेवलाय,
उंदरांनी कुरतडू नये म्हणून.
तेव्हा आमचं ठरलंय:
रोज सकाळी अंगणाच्या भिंतीवर लाल रजई टाकायची.
रजई म्हणजे बरी आहे.
रजई नाही म्हणजे मी चार तास चालायचं.

आणि ढग असला तर?
ते ठरवायचं राहिलं.

आज तिसरा दिवस, दरीत बसकण मारून बसलाय.
काल निघालो होतो मी, काठी घेऊन,
देवदारापर्यंत गेलो,
तेवढ्यात बस आली, बावन्न माणसं.
बावन्न गुणिले तीस.
परत फिरलो. ढगात दिसलं काहीच नाही,
तरी पैसे दिले त्यांनी. काहींनी.

थांबा. चहा ठेवा खाली.
फाटलं! लावा डोळा साहेब, ते पाहा, ते त्रिशूल,
तीन दातांतला मधला झाकलाय, होईल मोकळा.
तुमची दोन मिनिटं आता सुरू.

एकशे वीस. एकशे एकोणीस.
पैसे घेतलेत तुमचे, नळीला हात कसा लावू.
बाईंचं झालं. आजोबांना दिसलं की नाही कोण जाणे,
ते हात जोडून उभे,
डोळा मिटायचा विसरले.
आता हा बारका. उभा कर त्याला स्टुलावर.
अरे, नळी झुकली,
नको, रागावू नका, वर वर काय करताय,
बघू दे त्याला खाली.

काय दिसतंय रे?
झाडं.
आणखी?
एक घर. एक आजी आहे.
काय करतेय?
काठीनं मारतेय.
कुणाला रे?
गादीला. लाल गादीला.

मिटलं परत. मिटू दे.

हे घ्या, याचे तीस. घ्या हो,
खालचे पैसे मी घेत नाही, यादीत नाही ते.
डोळ्यात? धूर, चहावाल्याचा. ओली लाकडं जाळतो.

सात नंबर? इको पॉइंट.
वळणापलीकडे, जुन्या डाकबंगल्याखाली.
पण लवकर गाठा, चारनंतर वारा फिरतो,
मग हाक जाते नुसती,
परत येत नाही.