रविवारी धुणं नाही

शनिवारी संध्याकाळी वानुआतूच्या मुली परतल्या
तेव्हा बसमधून आधी चिखल उतरला, मग त्या.
शून्य–नऊ.
दक्षिणेकडच्या उंच मुलींनी म्हणे
चेंडू यांना नुसता लांबून दाखवला.
अठरा जर्सी माझ्या पत्र्याच्या टबात पडल्या
आणि पाणी तांबडं झालं.

मी सेलुवाइया. चर्चच्या शाळेचं हॉस्टेल सांभाळते,
चादरी मोजते, दिवे मालवते.
त्यांच्या मॅनेजरबाईंनी विचारलं, उद्या धुऊन मिळतील?
म्हटलं, उद्या रविवार.
म्हणाल्या, सोमवारी दहाला सामना.
म्हटलं, बाई, आमच्या टोंगात रविवारी
दुकान उघडत नाही, चेंडू उडत नाही,
दोरीवर साधा रुमाल दिसला
तर देवाच्या आधी शेजारीण बघते.
दुसरा संच?
त्यांनी दोन्ही तळहात उघडून दाखवले.

सकाळी त्या शेवटच्या बाकांवर बसल्या
माझ्या उसन्या लुंग्या नेसून.
आम्ही गातो म्हणजे छप्पर उचलतो;
लहानग्या बिचकल्या.
पण गोलकीपर लेसावी, वय सोळा, अंगठ्याला चिकटपट्टी,
तिला शब्द येत नव्हते
तरी तिने खालचा सूर धरला
आणि शेवटपर्यंत सोडला नाही.
मनात आलं, हा एक नाही सुटला हिच्या हातून.
लगेच जीभ चावली.
प्रार्थनेत गोल मोजू नयेत.

दुपारी जमिनीतली भट्टी उघडली,
अळूच्या पानांत बांधलेलं मटण, नारळाचं दूध.
नऊ नंबरची तिसऱ्यांदा मागायला लाजली,
मी न विचारता वाढलं.
ओट्यावरून एक फणस घरंगळला, आमच्याकडचा, छोटा, गोल;
कुणीतरी सवयीने पायाने अडवला,
मग माझ्याकडे बघितलं
आणि तान्ह्या बाळासारखा उचलून जागेवर ठेवला.

सगळे पांगल्यावर
मी भट्टीवर माती परत ओढली.
निखारे झाकून ठेवणं हे काम होतं का,
पाद्रींना विचारलेलं नाही.

बाराला पाच कमी. मी अंगणात, मांडीवर घड्याळ.
मुली पायऱ्यांवर ओळीने, बोलत नव्हत्या,
जणू पेनल्टी व्हायची होती.
काटा सरकला. मी नळ सोडला.
पलीकडे सिनीवाचा दिवा लागला.
आली भांडायला, वाटलं.
ती साबणाची अख्खी वडी घेऊन आली
आणि म्हणाली, सरक.

कुणी घासलं, कुणी पिळलं,
लेसावीने आपली एक नंबरची कुणाला दिली नाही.
माती बाजूला केली. दगडांनी ऊब धरून ठेवली होती.
वर काठ्या, काठ्यांवर अठरा जर्सी,
पहाटेपर्यंत आलटून पालटून.
डाग गेले. कॉलरचा एक राहिला, तो चिखलाचा नव्हता.

समोर आमच्याच मुली.
माझ्या बहिणीची सेपिउता टोंगाची अकरा नंबर,
तिचा पहिला बूट मी घेतला होता.
एकटी सुटली ती, गोल अगदी तोंडाशी,
आणि लेसावी आडवी झाली,
पूर्ण आडवी, नुकत्याच वाळलेल्या जर्सीसकट,
चिकटपट्टीचा अंगठा चेंडूखाली.
मी उभी राहून ओरडले.
बहिणीने वळून पाहिलं.
काय सांगणार? मी तिला म्हटलं,
मधमाशी चावली.

वानुआतू हरलं, एक–दोन.
पण तो एक जाळ्यात गेला तेव्हा
सगळी बाकं त्यांच्या बाजूने रिकामी झाली,
बदली मुली, मॅनेजरबाई, त्यांचा बसवाला.

रात्री सेपिउता जेवायला आली, गाल फुगवून.
म्हणाली, मावशी, त्या गोलकीपरला धुराचा वास येत होता,
धुराचा आणि नारळाचा.
जवळ गेले की मला भूकच लागायची.
मी तिच्या ताटात बघत राहिले.
बाहेर टब भरत होता, पुन्हा तांबडा.
बुधवारी अजून एक सामना आहे.